बत्तीस मिनिटांची कोरी टेप

१

टेप बत्तीस मिनिटं चालली आणि त्या बत्तीस मिनिटांत तिच्यातून एकही सूर निघाला नाही.

"पहिली पाच मिनिटं वाटलं, अजून सुरू व्हायचंय," अमृता मला सांगत होती. "दहा मिनिटांनी वाटलं, मशीन बिघडलंय. मग जुन्या कॅसेटी उतरवून देणाऱ्या त्या ऋतुराजनं मशीनसोबत आलेली दुसरी टेप लावून दाखवली, ती नीट वाजली. म्हणजे मशीन ठीक होतं. मावशी, टेपच कोरी आहे. नुसती खरखर."

मी मंदाकिनी. डोंबिवलीत राहते. विमा कंपनीसाठी तेवीस वर्षं खोटे दावे शोधले, तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. जळालेली दुकानं कुणी जाळली, चोरीला गेलेले दागिने कुठल्या कपाटात आहेत, हे शोधणं माझं काम होतं. त्या कामानं माणूस थोडा कोरडा होतो. अमृता माझ्या जुन्या शेजारणीची मुलगी, ठाण्यात शाळेत शिकवते. ती डोळे पुसत होती आणि मी विचारत होते की टेप कुणाकुणाच्या हातात गेली.

टेप तिच्या आत्याची होती. मंजुळाबाईंची.

आज चाळिशीच्या आतल्या माणसांना हे नाव ठाऊक नसेल, त्यात त्यांचा दोष नाही. मंजुळाबाई कल्याणच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढल्या. वडील लोको शेडमध्ये फिटर. छप्पन साली दीक्षा घेतलेलं घर. पहिलं गाणं चौदा एप्रिलच्या जयंतीला, टेबलावर उभं राहून. पुढे रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये शनिवारी बँड वाजायचा, त्याच्या एका गोवेकर बँडमास्टरनं या मुलीचा आवाज ऐकला आणि इंग्रजी गाण्यांचे शब्द देवनागरीत लिहून तिच्याकडून घोटून घेतले. तेविसाव्या वर्षी मुंबईच्या एका मोठ्या हॉटेलनं तिला घेतलं. पोस्टरवर नाव 'जूली के'. मंजुळा कांबळे हे नाव जॅझला शोभणार नाही, असं मॅनेजरचं म्हणणं. अकरा वर्षं ती तिथं गायली, दोनदा युरोपात जाऊन आली, परदेशी वर्तमानपत्रांनी कौतुकाचे रकाने लिहिले. रेकॉर्ड काढणारी कंपनी बुडाली आणि तिच्या मूळ टेपा गोदामात पुराच्या पाण्यात गेल्या. उरली कात्रणं, फोटो आणि 'काय आवाज होता' म्हणणारी म्हातारी माणसं. तेरा वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं आणि तो आवाजही गेला. आता त्या पाटीवर लिहून बोलतात.

"मी आत्याजवळ राहते, मावशी, आणि मी तिला गाताना कधी ऐकलंच नाही," अमृता म्हणाली. "मला कळायला लागलं तोवर तिनं गाणं सोडलेलं."

जगात एकच रेकॉर्डिंग शिल्लक होतं. डिसेंबर त्र्याहत्तर, कल्याण इन्स्टिट्यूटचा हॉल, हॉटेलनं उचलण्याआधीचा तिचा शेवटचा कार्यक्रम. ते केलं होतं बँडच्या ड्रमरनं, स्वतःच्या घरगुती टेपरेकॉर्डरवर. पुढच्या रविवारी ठाण्यात मंजुळाबाईंचा सत्कार होता, आणि भाषणांनंतर ही टेप वाजणार होती. निमंत्रणपत्रिकेवर तसं छापलंही होतं.

"ड्रमर हयात आहेत?"

"सहदेवकाका. ठाकुर्लीला असतात. सत्काराचं कळल्यावर त्यांनीच टेप पाठवली. कडुनिंबाच्या पाल्यात गुंडाळून, हिरव्यागार. कोरी निघाल्यावर मी रागात त्यांना फोन केला." अमृता थांबली. "म्हटलं, टेपवर काहीच नाहीये. ते म्हणाले, हो, मीच पुसली. आणि फोन ठेवला."

"कबूलच केलं?"

"एका वाक्यात."

तेवीस वर्षांत मी पुष्कळ कबुल्या ऐकल्या. खरा अपराधी आधी कारणं सांगतो, परिस्थिती सांगतो, बायकोचं आजारपण सांगतो, आणि मग कुठं गुन्ह्यावर येतो. एका वाक्यात कबूल करणारा माणूस बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाला तरी पाठीशी घालत असतो.

२

मंजुळाबाई कोपरीत दुसऱ्या मजल्यावर राहतात. पाठ ताठ, पांढरे केस मागे घट्ट बांधलेले, गळ्याभोवती सुती रुमाल. मांडीवर पाटी, आणि शेजारच्या स्टुलावर खडू आणि फडकं ठेवलेला एक चपटा, चौकोनी पुठ्ठ्याचा डबा. सगळा खडूच्या भुकटीनं पांढरा झालेला.

तिथं आणखी एक गृहस्थ बसले होते. राजरत्न सर, कॉलेजातून निवृत्त झालेले प्राध्यापक. मंजुळाबाईंचं चरित्र त्यांनी लिहिलं आहे. रविवारी त्याचंही प्रकाशन होतं.

"टेप या घरात किती दिवस होती?" मी विचारलं.

"नऊ दिवस," अमृता म्हणाली. "मी तिच्यासाठी शिसवी लाकडाची छान पेटी आणली. स्टेजवर ठेवायची होती ना. त्या पेटीत होती, या कपाटात. मग अकरा तारखेला ऋतुराजकडे नेली."

"घरात वाजवायचं मशीन?"

"नाही."

"म्हणजे इथं कुणी ऐकली नाही."

"ऐकायची गरज काय होती?" राजरत्न सर म्हणाले. "त्या रात्रीचा इतिहास सगळ्यांना माहीत आहे. माझ्या पुस्तकातलं सातवं प्रकरण त्यावरच आहे. शेवटच्या गाण्यात ड्रमची एकट्याची आठ आवर्तनं होती. प्रत्येक आवर्तन चार मात्रांचं. ती संपली की ताईंनी उचलायचं. ड्रमर मोजणी चुकला, सगळा बँड घसरला. ताईंनी सावरून घेतलं. हॉटेलचे मॅनेजर हॉलमध्ये बसलेले होते, त्यांनी ताईंना घेतलं आणि ड्रमरला नाही घेतलं. सरळ आहे. पन्नास वर्षं त्याच्या मनात ते सलत असणार."

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

सरांनी मंजुळाबाईंकडे पाहिलं. "ताईंनीच. आणि त्या काळचे बाकीचे लोकही हेच सांगतात."

"टेप वाजली असती आणि वेगळंच काही निघालं असतं, तर तुमचं पुस्तक?"

सर हसले, पण फार नाही. "बाई, पुस्तक छापून आलंय. एक हजार प्रती. मी टेप पुसायला इथं आलो असेन असं तुम्हाला वाटत असेल तर वाटू द्या. मला टेपरेकॉर्डर कुठून चालू करतात तेही कळत नाही."

ते खरं वाटलं. तरी मी त्यांना यादीतून काढलं नाही. मी कुणालाच लवकर काढत नाही.

ते गेल्यावर मी मंजुळाबाईंसमोर खुर्ची ओढली. "टेप येणार म्हटल्यावर तुम्हाला काय वाटलं?"

त्यांनी लिहिलं, "आनंद." मग त्या शब्दाखाली आणखी एक शब्द लिहिला. "भीती."

"भीती कसली?"

या वेळी त्या बराच वेळ लिहीत होत्या. खडूचा आवाज येत होता, ओळ संपून दुसरी सुरू झाली, तिसरी. मी वाट पाहत होते. अमृता चहा घेऊन आत आली तशी मंजुळाबाईंनी पाटी छातीशी धरली, फडकं घेतलं आणि लिहिलेलं सगळं पुसून टाकलं.

३

ऋतुराज तिशीतला आहे. लग्नाच्या जुन्या व्हिडिओ कॅसेट, आजोबांच्या आवाजाच्या ऑडिओ कॅसेट, हे सगळं तो संगणकावर उतरवून देतो. काम चोख, बोलणं भरभर.

"काकू, आई शप्पथ, मी काय नाय केलं. कॅसेटची हजार कामं केलीयेत मी, पण स्पूल, म्हणजे अशी उघड्या रिळाची टेप, कधी आलीच नव्हती. म्हणून खास मशीन घेतलं जुन्या बाजारातून. बघा ना, कसलं सॉलिड आहे."

मशीन खरोखर देखणं होतं. तशाच घरगुती वापराचं, त्याच काळातलं. शिसवी पेटी शेजारी होती आणि तिच्यात जेवणाच्या छोट्या ताटलीएवढं रीळ.

"काय काय केलंस ते क्रमानं सांग. काही गाळू नकोस."

"पेटी उघडली. रीळ काढलं. बाहेरच्या टोकाला लाल पट्टी चिकटवलेली होती, प्लास्टिकची, हातभर. ती डाव्या बाजूनं ओवून उजव्या रिकाम्या रिळावर चढवली. प्ले. ताई इथं बसलेल्या. पूर्ण चालवली, शेवटपर्यंत. शेवटाला हिरवी पट्टी आली आणि टेप संपली. मध्ये नुसतं हिस्स. मग परत मागं गुंडाळली, जशी आली तशी पेटीत ठेवली. दुसऱ्याची वस्तू आहे, आपण नीटच देतो."

"दुसरी बाजू लावून पाहिलीस?"

"दुसरी बाजू कॅसेटला असते काकू. ही स्पूल आहे. हिला एकच बाजू."

"आणि पुसली गेली असेल तर कशानं?"

"मॅग्नेट. मोठं लोहचुंबक फिरवलं की खलास. दोन मिनिटांचं काम." त्यानं खांदे उडवले. "पण काकू, ज्यानं केलं ना, त्याला खूप राग असणार. एवढं कुणी कसं करू शकतं यार?"

त्याला यात काही मिळवायचं नव्हतं. उलट टेप वाजली असती तर त्याचं नाव झालं असतं. मी त्याचे शब्द होते तसे वहीत उतरवून घेतले. ही सवय निवृत्त झाल्यावरही गेलेली नाही आणि पुढे तिचाच उपयोग झाला.

४

सहदेवराव पडते ठाकुर्लीला स्टेशनपासून दहा मिनिटांवर राहतात. मूळ घर राजापूरकडचं. वय अठ्ठ्याहत्तर. हात अजून हलके, बोलताना बोटं खुर्चीच्या दांड्यावर आपोआप चालतात. सगळी नोकरी रेल्वेत गार्ड म्हणून केली. दाराशेजारच्या कोपऱ्यात दोन झेंडे अजून उभे होते, गुंडाळलेले.

टेबलावर गोळ्यांच्या दोन डब्या होत्या. एकीला हिरवा दोरा, एकीला लाल.

"हे काय?" मी बोलायचं म्हणून विचारलं.

"सकाळच्या हिरव्या, रात्रीच्या लाल. सुनेनं इंग्रजीत लिहून चिकटवलेलं, ते मी काढून टाकलं. चाळीस वर्षं हिरवं म्हणजे सुटायचं आणि लाल म्हणजे थांबायचं, दुसरं काय डोक्यात शिरणार?"

"टेप तुम्ही पुसलीत."

"हो."

"कशी?"

"लोहचुंबक फिरवलं."

"कुठलं?"

"होतं घरात एक."

"दाखवा."

"फेकलं."

"कधी पुसली?"

"पाठवायच्या आधी."

"सहदेवराव, टेप पाठवताना तुम्ही तिला कडुनिंबाचा ताजा पाला गुंडाळला होता. कसर लागू नये म्हणून. पुसलेल्या टेपेला कसर लागली काय आणि नाही लागली काय?"

बोटं थांबली. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

"पन्नास वर्षं सांभाळलीय. माझ्याकडे मशीन होतं एक्क्याण्णवपर्यंत. दर डिसेंबरला ऐकायचो. मग मशीन मोडलं, टेप ठेवून दिली," ते म्हणाले. "हे पाहा ताई, मी केलं म्हणतोय ना. विषय संपवा. सत्कार होऊ दे. तिला काही विचारत बसू नका."

"तिला म्हणजे मंजुळाबाईंना?"

"तिची तब्येत बरी नसते."

"तुम्ही 'तिला' म्हणेपर्यंत मी त्यांचं नावही काढलं नव्हतं."

म्हातारे उठले, आत गेले आणि परत बाहेर आले नाहीत. सुनेनं मला दारापर्यंत सोडलं. जिन्यात उभं राहून मी विचार केला की हा माणूस एका बाईला वाचवतो आहे, आणि ती बाई कोपरीत बसून पाटी पुसते आहे. टेप नऊ दिवस तिच्याच कपाटात होती.

५

त्या संध्याकाळी मला मंजुळाबाईंचा राग आला, हे कबूल करते. सगळं जुळत होतं. टेपेत काहीतरी आहे. ते सहदेवरावांना माहीत आहे, कारण त्यांनी ती दर वर्षी ऐकली. मंजुळाबाईंना त्याची भीती आहे. टेप हातात येते आणि नऊ दिवसांनी कोरी निघते. सहदेवरावांना वाटतं तिनं पुसली, म्हणून ते गुन्हा अंगावर घेतात.

एकच गोष्ट जुळत नव्हती. अमृतानं मला सांगितलेलं की टेप कोरी निघाल्यापासून आत्या जेवलेली नाही. स्वतःच घर जाळून दावा लावणारा माणूस चारचौघांत रडतो, पण घरी येऊन पोटभर जेवतो. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

मी वही उघडली आणि ऋतुराजचं सांगणं पुन्हा वाचलं. बाहेरच्या टोकाला लाल पट्टी. शेवटाला हिरवी पट्टी आली आणि टेप संपली.

मी ते वाक्य तीनदा वाचलं. मग मला स्वतःच्या कानाखाली मारावीशी वाटली.

रेल्वेचा गार्ड. सकाळच्या गोळ्यांना हिरवा दोरा बांधणारा माणूस. तो आपल्या टेपेच्या सुरुवातीला लाल पट्टी लावेल? जन्मात नाही. सुरुवात हिरवी, शेवट लाल. म्हणजे जे टोक रिळाच्या बाहेर होतं ते टेपेचं सुरुवातीचं टोक नव्हतंच. ऋतुराजनं शेवट पुढे घालून टेप चालवली होती.

पण उलटी चालवली तरी उलटा का होईना, आवाज यायला हवा. खरखर कशी? ते मला कळेना. ते सांगू शकणारा एकच माणूस होता आणि तो मला बसवून ठेवून आत निघून गेला होता.

सकाळी सातला मी पुन्हा ठाकुर्लीला. सहदेवराव हिरव्या डबीतली गोळी घेत होते.

"टेप पुसलेली नाही," मी उभ्याउभ्याच म्हटलं. "कुणीच पुसलेली नाही. त्या मुलानं लाल टोकाकडून लावली."

पाण्याचा पेला त्यांच्या हातात तसाच राहिला. "मागं गुंडाळून नाही घेतली?"

"नाही."

"अरे देवा." ते खाली बसले. "अहो, टेप वाजवून झाली की तशीच ठेवायची असते, शेवट बाहेर. रेडिओवाले लोक तसंच ठेवायचे, टेप चांगली राहते. वाजवताना आधी मागं गुंडाळायची. मी खोक्यावर लिहिलेलं."

"पण मग आवाज का नाही आला?"

"आमचं मशीन पट्टीचा अर्धाच भाग वापरायचं. वरच्या अर्ध्यावर एक बाजू, खालच्या अर्ध्यावर दुसरी. मी एकच बाजू भरलेली. शेवटाकडून लावली की मशीन दुसरा अर्धा वाचतं, आणि तो कोराच आहे." त्यांचा आवाज चढला. "म्हणजे अप लाईनवर गाडी धडधडत चाललीय आणि हा डाऊन लाईनवर उभा राहून म्हणतोय, गाडीच नाही!"

आणि मग ते रडले. मी पाण्याचा पेला त्यांच्या हातातून काढून घेतला. दुसरं काय करायचं ते मला सुचलं नाही.

"मला वाटलेलं तिनंच पुसली," ते म्हणाले. "आणि तिला वाटलेलं मी."

६

कोपरीला आम्ही तिघं गेलो. सहदेवराव, मी आणि मशीन उचलून आणलेला ऋतुराज, काखेत शिसवी पेटी. राजरत्न सरांनाही मी बोलावून घेतलं होतं.

"टेपेचा जुना खोका कुठं आहे?" मी अमृताला विचारलं. हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता.

"तो? फाटका होता. टाकला नाही पण. आत्याला खडूंसाठी…"

मंजुळाबाईंनी स्टुलावरच्या डब्याकडे पाहिलं. मी खडू आणि फडकं बाहेर काढलं, झाकणाच्या आतली भुकटी झटकली. पेन्सिलीतलं अक्षर बारीक पण स्वच्छ होतं. शेवटचं टोक बाहेर. आधी मागे गुंडाळा, मग वाजवा. खाली तारीख. इतके दिवस त्या झाकणाखालून खडू काढून मंजुळाबाई लिहीत होत्या.

अमृता मटकन खाली बसली. ऋतुराज कान पकडून उभा राहिला. "काकू, माझी अक्कलच… सॉरी. सॉरी आजोबा."

"लाव आता," सहदेवराव म्हणाले. ते दाराजवळच उभे होते. आत या असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं आणि मंजुळाबाईंनी अजून त्यांच्याकडे पाहिलं नव्हतं.

टेप मागे गुंडाळली. हिरवं टोक पुढे आलं. खोकणारी माणसं, खुर्च्या सरकल्याचा आवाज, कुणीतरी चारपर्यंत मोजलं. आणि तेवीस वर्षांची मुलगी गायला लागली.

मला जॅझमधलं कळत नाही. इंग्रजी गाणी मी आवडीनं ऐकत नाही. पण तो आवाज ऐकताना मला वाटलं की या खोलीत आपण फार उशिरा आलो. अमृतानं तोंडावर ओढणी धरली होती. मंजुळाबाईंची चुटकी चालू होती, एक मात्रा सोडून, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर, आणि दारात उभ्या सहदेवरावांची बोटं चौकटीवर नेमकी तशीच चालत होती.

सव्विसाव्या मिनिटाला शेवटचं गाणं आलं. ड्रमची पाळी आली तसे राजरत्न सर पुढे वाकले आणि बोटांवर मोजायला लागले. मीही मोजत होते. एक आवर्तन, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात.

आणि गाणं सुरू झालं.

आठवं आवर्तन झालंच नव्हतं. मंजुळाबाईंनी एक आवर्तन आधी उचललं होतं. ड्रम क्षणभर अडखळला आणि उडी मारून तिच्याजवळ आला. पियानो मागे राहिला, ट्रम्पेट भलतीकडे गेला, हॉलमध्ये कुजबूज उठली. ज्यांना आठवणीनं सांगायचं होतं त्यांनी अडखळलेला ड्रम ऐकला होता आणि बाकीचं सोडून दिलं होतं.

टेप संपली. सरांनी वर केलेली सात बोटं तशीच होती.

"ताई," ते हळूच म्हणाले, "एक हजार प्रती."

"अहो, नो टेन्शन," ऋतुराज मध्येच म्हणाला. "एक आवर्तन मी सोलोमधलंच कॉपी करून तिथं जोडतो. कुणाच्या बापाला कळणार नाही. एकदम परफेक्ट होईल."

मंजुळाबाईंनी पाटी घेतली. लिहिलं, "हात लावायचा नाही."

मग त्यांनी पाटी पुसली आणि पुन्हा लिहायला लागल्या. त्या दिवशी पुसून टाकलेलं हेच असणार, कारण तेवढ्याच तीन ओळी झाल्या. "चूक माझीच, अशी शंका होती. पन्नास वर्षं होती. मग सांगायला तोंड राहिलं नाही." लिहून झाल्यावर त्यांनी पाटी फिरवून दाराकडे धरली.

सहदेवरावांनी वाचलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं.

मंजुळाबाईंनी पुन्हा लिहिलं. "तू का नाही बोललास? टेप तुझ्याकडे होती."

"कुणाला ऐकवणार होतो, मंजू?" सहदेवराव म्हणाले. "तुझं हॉटेलचं पक्कं व्हायचं होतं तेव्हा ऐकवली असती तर त्यांनी दोघांनाही नसतं घेतलं. नंतर मग राहून गेलं. आणि एका आवर्तनासाठी बाकीची बत्तीस मिनिटं कशाला खराब करायची?"

मंजुळाबाईंनी शेजारच्या खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचलून खाली ठेवली.

७

रविवारी हॉल भरला होता. राजरत्न सरांनी रात्रंदिवस बसून सातव्या प्रकरणात दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवून घेतली होती, प्रत्येक प्रतीत. चिठ्ठीवर कारण एका ओळीत दिलं होतं. सरांबद्दलचं माझं मत मी त्या दिवशी बदललं.

भाषणं व्हायची तेवढी झाली. शाल, श्रीफळ, वंदना. मग दिवे मंद केले आणि टेप सुरू झाली. मी तिसऱ्या रांगेत होते. स्टेजवर मंजुळाबाई आणि त्यांच्या शेजारी सहदेवराव, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हात गुडघ्यांवर.

लोक सुरुवातीला कुतूहलानं ऐकत होते, मग नुसतेच ऐकायला लागले. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी डोळे मिटले होते. शेवटचं गाणं आलं, ड्रम वाजायला लागला. मी पुन्हा मोजलं. मला माहीत होतं तरी मोजलं.

सातवं आवर्तन संपलं, तिचा आवाज आत शिरला, बँड घसरला. त्याच क्षणी मंजुळाबाई उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी पाटी दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरली. आधीच लिहून आणलेलं होतं. मोठी अक्षरं, मागच्या रांगेलाही दिसतील अशी.

"इथे मी चुकले. सहदेव नाही."

त्या पाटी धरून उभ्याच होत्या, समोर कुणाकडेच न पाहता. गाणं अजून चालू होतं, आणि तिनं पुढचं ऐकावं म्हणून सहदेवरावांनी उठून तिच्या हातातली पाटी काढून घेतली.